बिनतोफेचं होडकं

“…पण मग माझं जहाज फोडलं कुणी?”

मैथिली घागनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दाऊदचाचा पारकर कपात चहा ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तूच,” ते म्हणाले.

तिला राग आला. ‘तारादळ’ नावाच्या त्या अंतराळयुद्धाच्या खेळात दोन वर्षं तिला कुणी हरवलं नव्हतं. बावन्न तोफांची अवाढव्य युद्धनौका चालवायची ती. जगाच्या कुठल्याही टोकाला बसलेला खेळाडू पडद्यावर तिचं नाव दिसलं की वाट बदलायचा. आणि गेल्या महिन्यात एका चिमुकल्या होडक्यानं तिला तीनदा धूळ चारली होती. चालवणाऱ्याचं नाव, ‘टगवाला’.

तिनं त्याला खेळातूनच निरोप टाकला होता. कोण तुम्ही? मला शिकवाल का? आठ दिवसांवर अंतिम सामना आहे.

उत्तर आलं होतं, “जयगडला ये. दुपारचा घरीच असतो.”

ती चिपळूणहून एसटीनं आली. कानांवर हेडफोन चढवलेला कुणी चलाख तरुण असेल, अशी तिची कल्पना. दार उघडलं ते चौकड्याची लुंगी नेसलेल्या सत्तरीच्या माणसानं. चौतीस वर्षं त्यांनी बंदरात टगबोट चालवली होती. डोंगराएवढी जहाजं ओढून, ढकलून धक्क्याला लावायची, एवढंच काम.

“मी कशी फोडीन माझंच जहाज?”

“पहिल्यांदा माझ्यामागे वळलीस ती अंतराळात तरंगणाऱ्या खडकावर गेलीस. दुसऱ्यांदा मी तुझ्या आणि तुझ्या जोडीदाराच्या मधे आलो. तू तोफ डागलीस. मी सरकलो. गोळा त्याला लागला, त्याच्या स्फोटात तूही गेलीस.”

“आणि तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा मला शोधत इतकी गरगरलीस की इंजिनच पेटलं.”

“म्हणजे तुम्ही एकही गोळा…”

चाचांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. होडक्यावर तोफांच्या जागा होत्या. तोफा नव्हत्या.

“काढून टाकल्या,” ते म्हणाले. “जड होतात.”

मैथिलीनं त्या रिकाम्या जागा मोजून पाहिल्या.

“शिकवा मला.”

“तुझ्या नावानं आत जा. लहान होडी घे. तोफा काढ.”

तिनं काढल्या. नाइलाजानं, एकेक करून.

समोर एक प्रचंड जहाज आलं. मैथिलीनं सवयीनं लांबून वळसा घेतला. दोन क्षणांत तिच्या होडीच्या ठिकऱ्या उडाल्या.

“पुन्हा,” चाचा म्हणाले.

पुन्हा ठिकऱ्या. सहा वेळा.

“लांब राहतेस. लांब राहिलीस की दिसतेस त्याला.”

“जवळ गेले तर जगेन का?”

“जवळच जगशील. त्याच्या तोफा लांबच्यासाठी आहेत. आपल्याच पोटाकडे वाकत नाहीत त्या.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “आणि एवढं धूड एकदा वळायला लागलं की त्याचं त्यालाही थांबवता येत नाही. ते जिथे पोचणार असेल, तिथून तू निघालेली असायचीस. बास.”

सातव्यांदा ती डोळे मिटून उडी घ्यावी तशी सरळ आत घुसली. तोफा डोक्यावरून धडाडत गेल्या. आणि मग एकदम… शांत.

जहाजाचं पोट तिच्या वर आभाळासारखं पसरलं होतं. एकेक पत्रा, एकेक सांधा दिसत होता. ते वळलं की ती वळायची. ते थांबलं की ती थांबायची. त्याला ती कुठेच सापडत नव्हती.

मैथिली हसली. असं हसू तिला कितीतरी वर्षांत आलं नव्हतं. असं ती पूर्वी हसायची, तिचा भाऊ कौस्तुभ आणि ती एकाच खुर्चीत अर्धं अर्धं बसून खेळायची तेव्हा. बटणं त्याच्या हातात. ओरडायचं काम तिचं.

“आता?” तिनं विचारलं.

“आता काही नाही.”

“मारायचं नाही?”

“कशानं मारणार?”

“मग चाचा… इतक्या जवळ यायचंच कशाला?”

चाचांनी कप खाली ठेवला. खिडकीतून खाडी दिसत होती. ओहोटीचं पाणी मागे सरलं होतं. चिखलात एक मचवा कलंडून पडला होता.

“बघायला,” ते म्हणाले. “कोण चालवतंय ते.”

मैथिलीनं बटणांवरचे हात काढून घेतले.

“माझा सरफराज खेळायचा हे. दिवसभर. मी कामावरून यायचो, तर हा पडद्यात डोकं घालून बसलेला. एकदा माझं डोकं फिरलं. त्याच्या हातातून ते खेळायचं यंत्र ओढलं आणि ह्याच खिडकीतून खाडीत फेकलं.”

“मग?”

“काही बोलला नाही. महिन्याभरात मस्कतला गेला. फोन नंबर बदलला. सहा वर्षं झाली.”

बाहेर कुणीतरी होडीचा तळ खरवडत होतं.

“त्याच्या एका दोस्तानं सांगितलं, अजून खेळतो म्हणून. मोठं जहाज चालवतो. नाव कुठलं घेतलंय, ते त्यालाही माहीत नाही. मग मी शिकलो. चौसष्टाव्या वर्षी.”

“पण ओळखणार कसं?”

“वळायच्या आधी तो जरासा उलट्या बाजूला झुकतो. सायकलही तशीच वळवायचा.” चाचांनी हवेत हात धरला. आधी डावीकडे किंचित कलला, मग उजवीकडे वळला. “लांबून नाही कळत ते. अगदी पोटाशी जावं लागतं.”

तो हात थोडा वेळ तसाच राहिला.

“माझ्याकडेही त्यासाठीच आलात?” मैथिलीनं विचारलं.

“तीनदा आलो. एकदा वाटलं होतं…”



मैथिलीची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे ओळखीच्यांची नावं होती. सगळी विझलेली. एका नावापुढे मात्र हिरवा ठिपका होता. तो ठिपका ती तीन वर्षं रोज बघत होती आणि रोज त्याच्यावरून नजर काढून घेत होती.

चाचांनीही तो पाहिला.

“हा कोण?”

“दादा. कौस्तुभ.”

“बोलत नाही?”

“बाबा गेले तेव्हा मी बंगळुरूला होते. स्पर्धेला. त्यांना बरं नाही हे माहीत होतं मला. तरी गेले. दवाखान्यात दादा एकटा होता. तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणाला, तू कशाला आलीस आता? मी तशीच निघाले. चिपळुणातच वेगळी राहते, पण त्या घरी परत नाही गेले.”

“इथे आहे ना तो. आत्ता.”

“हो.”

“नावानिशी.”

“हो.”

चाचा पुढे वाकले. हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिले. उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो, तसे.

मैथिलीला ती नजर सोसवेना. अंतिम सामना, बावन्न तोफा, सगळं कुठल्या कुठे गेलं. तिनं भावाच्या नावावर बोट ठेवलं. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं.

‘दादा, मी चुकले. बाबांजवळ असायला हवं होतं. येतोस खेळायला?’

आणि पाठवून दिलं.

निरोप पोचला. कौस्तुभनं तो वाचला. मग पडद्यावर अक्षरं उमटली, ‘कौस्तुभ लिहीत आहे…’

ती अक्षरं गेली. परत आली. पुन्हा गेली. तीन वर्षांचं साचलेलं एका ओळीत कसं बसवावं, हे त्यालाही जमत नसावं.

मैथिलीचा हात पडदा बंद करायच्या बटणाकडे गेला.

“चाचा, वर्मी लागेल असं काही लिहिलं त्यानं तर?”

दाऊदचाचांनी तिचा हात धरला आणि अलगद बाजूला ठेवला.

“लागू दे, पोरी,” ते म्हणाले. “ही एक तोफ चुकवायची नाही.”