सेगुलाबाईचा शनिवार

मंडळी, आधी एक सांगा, भरवसा कोणावर ठेवाल? गोड बोलणाऱ्यावर, की तोलताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता काट्याकडे बघणाऱ्यावर? मी शाळेत फार गेलो नाही. जे शिकलो ते बंदरावरच्या दुकानात, खोबरं तोलता तोलता. तिथंच आजोबांकडून ऐकलेली ही गोष्ट, काट्याकडे बघणाऱ्या एका बाईची.

फार वर्षांमागं, खाडीत अजून शिडाची गलबतं यायची तेव्हा, आमच्या ओवळेखार गावात सेगुलाबाई नावाची तेलीण होती. बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, गावात ते एकच घर. नवरा लवकर गेला, पदरी पोरं, घाणा तिनंच चालवला. शुक्रवारी दिवेलागणीला ती दिवा लावायची, की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत घाणा बंद. म्हणून लोक त्या घराला शनवार तेली म्हणत. तिच्या तेलाच्या दिव्याला काजळी धरत नसे, असं म्हणतात.

शनिवारी ती ओट्यावर हात मांडीवर ठेवून बसायची. बैल चांद्या अंगणात रवंथ करत असायचा. पाण्याला जाणाऱ्या बाया हसायच्या.

"काय सेगुलाबाई, पाय दुखतात वाटतं?"

"दुखत नाहीत गं, म्हणून बसलेय. दुखायला लागल्यावर काय, कोणीही बसतं."

"आणि चांद्या?"

"आमच्यात आज्ञाच आहे. मालकीण, गडी, बैल, दारात आलेला परका, सगळ्यांना आज विसावा."

त्या बायांत आंबी होती. तरणी पोर, पण दोन लेकरं पोटातच गेलेली. भरल्या दिवसांतही गावच्या खोताचं भात फुकट कांडायची वेठ चुकत नव्हती. डोक्यावरची हंडी सावरत ती म्हणाली, "म्हणजे बैलाला आहे, आणि मला नाही?"

सगळ्या हसल्या. सेगुलाबाई हसली नाही.

पुढं आंबीला पुन्हा दिवस गेले, आणि नेमकं त्याच सुमाराला तात्या खोतांच्या लेकीचं लग्न निघालं. गावातल्या झाडून सगळ्या बाया कांडायला बोलावल्या. शनिवार उजाडला तेव्हा आंबी पांढरीफटक पडली होती. एका हातानं मुसळ, एका हातानं पोट.

तिची सासू म्हणाली, "तात्या, हिला तेवढी बसू द्या."

"बसायला ती काय खोतीण आहे?"

सेगुलाबाईला हे कळलं. ती चालत आली आणि तिनं आंबीचा हात धरला. "चल, माझ्या अंगणात बस."

"तुमची रीत तुमच्यापाशी ठेवा, तेलीणबाई!" तात्या ओरडले.

"माझ्यापाशीच ठेवतेय. माझ्या दारात येईल त्याला आज विसावा द्यायचा. दार माझं आहे."

"घाण्याची जागा माझी आहे! उद्या उखडून टाकीन!"

"उद्याचं उद्या, तात्या. आज मी बसलेय."

आंबी गेली. मुसळ खाली ठेवून सासू गेली. मग एकेक करत खोतांचं सगळं अंगण रिकामं झालं. सेगुलाबाईचं अंगण एवढंसं, पण जितक्या बाया येत गेल्या तितकं ते रुंद होत गेलं, असं म्हणतात.

गावात पाणी भरायला पुरुष विहिरीवर गेले आणि हंड्या फोडून आले. आंबीचा नवरा कुंपणाशी येऊन विचारू लागला, "अगं, मीठ कुठं असतं?"

"तुम्ही रोज जेवायला बसता ना, तिथून हात लांब केला की सापडतं."

तात्या चिडले. मांडवाच्या दिव्यांना तेल हवं, घाणा आत्ताच चालवा म्हणून त्यांनी गडी धाडले. गड्यांनी चांद्याला जुंपलं. घाण्यातून तेल आलंच नाही, पाणी आलं. चाखलं तर खारट, बायांच्या घामासारखं, असं म्हणतात. आमचे आजोबा मात्र म्हणायचे, "खाऱ्या पाण्याचं मला ठाऊक नाही, पण बैल खाली बसला हे खरं. तो माझ्या बापानं तिला विकलेला, आणि त्याचा हट्ट माहीत होता म्हणूनच विकलेला."

उन्हं उतरली. वऱ्हाडाचं गलबत खाडीत दिसू लागलं, आणि खोतांच्या घरी ना तांदूळ ना तेल. तात्या स्वतः कुंपणाशी आले. आंबीची सासू म्हणाली, "शनिवारी या गावात कोणी बाई कांडणार नाही. दिवस असलेली तर कधीच नाही. आणि या घाण्याला हात लावायचा नाही. गावासमोर बोला."

तात्या बोलले. चांदण्या दिसल्या तशी सेगुलाबाई उठली. चांद्याही उठला. बाकीच्या बायांनी मुसळं उचलली. वेळेवर मांडव उजळला.

आंबीला मुलगी झाली. त्या मुलीला म्हातारपणी काठी टेकत दुकानात येताना माझ्या वडिलांनी पाहिलं आहे.

पुढं खोतांच्या वारसांनी विहिरीवर दगड बसवला: 'तात्या खोत यांनी गावच्या स्त्रियांस विसावा दिला.' शहरातून सुधारणेवर बोलायला येणारे पाहुणे तोच दगड वाचून दाखवत आणि टाळ्या घेऊन जात. सेगुलाबाईची नातवंडं दूरदेशी गेली. घाणा मोडला, नुसता दगड उरला. आमच्या बाया तेव्हा वाचायला शिकल्या नव्हत्या, ते एका परीनं बरंच झालं. विहिरीवर काय लिहिलंय ते त्यांना कळलं नाही, म्हणून खरं काय झालं ते त्या विसरल्या नाहीत.

आजही आमच्याकडं शनिवारचं पाणी पुरुष भरतात. शनिवार म्हटला की दुसऱ्या गावांना साडेसाती आठवते, आम्हाला सेगुलाबाई. लग्नानंतरच्या पहिल्या शनिवारी नव्या सुनेला घाण्याच्या दगडापाशी नेतात. सासू दगडाला तेलाचं बोट लावते आणि म्हणते, "बस." चांदण्या दिसेपर्यंत तिला कोणी उठवत नाही. परगावची पोर आधी बावरते, सारखी उठायला बघते. मग हळूहळू तिचे हात मांडीवर येतात.

तर मंडळी, घरी जाल तेव्हा कोण किती राबतं ते एकदा खरं मांडून बघा. आणि आमच्या गावाचं कुठं सांगाल, तर विसावा 'दिला' असं सांगू नका. तो सेगुलाबाईनं, आंबीनं, तिच्या सासूनं बसून मिळवला. ज्याचं त्याच्या नावावर जमा करा. हिशोब तेवढा चोख ठेवा, एवढीच विनंती.