तीन शिट्ट्यांचा खटला

माणसांच्याही आधी भांड्यांनी स्वतःची राज्यघटना लिहून काढली होती, त्या काळातली ही गोष्ट. ज्याला जे मानायचं ते त्यानं मानावं आणि खुशाल बोलूनही दाखवावं, असं तिचं पहिलंच कलम होतं.

कुकर वाफेला देव मानायचा आणि रोज तीन शिट्ट्या देऊन तिची आरती करायचा. लोणच्याच्या बरणीचा धर्म मात्र गुपचूप मुरण्याचा. ती तणतणत न्यायमूर्ती वरवंट्याकडे गेली. "महाराज, याच्या शिट्ट्यांनी माझं मौन मोडतं. आतल्या फोडींच्या भावना दुखावतात."

वरवंट्यानं तीन महिने विचार करून निकाल दिला. "कुकरला श्रद्धेचं पूर्ण स्वातंत्र्य आहे. फक्त ती त्यानं बाहेर पडू देऊ नये."

"अहो, बाहेर पडली नाही तर मी फुटेन!" कुकर म्हणाला.

"तो तुझा खाजगी प्रश्न," असं म्हणून वरवंटा स्वतःच शिट्टीवर जाऊन बसला.

डाळ शिजायला लागली. थोड्या वेळानं जो आवाज झाला, त्यानं बरणीचे चार तुकडे झाले आणि फोडी थेट मोरीत जाऊन पडल्या.

"त्यापेक्षा तीन शिट्ट्या परवडल्या असत्या हो," बरणीचा एक तुकडा कळवळून म्हणाला.

"गप्प बस!" आढ्यात अडकलेला वरवंटा वरून गरजला. "मनाई अजून उठलेली नाही."