चौथी मात्रा

त्या राज्यात तारांच्या वाद्यांना मान होता आणि चामड्याच्या वाद्यांना काम होते.

समुद्रापलीकडून ढोलक्या गलबतात कोंबून आणल्या, त्या वाजवायला नव्हे. त्यांच्या पोटात धान्य भरायला. वाटेत गलबत जड झाले, तेव्हा दर चौथी ढोलकी उचलून समुद्रात फेकण्यात आली. त्यांतली दुमाई नावाची ढोलकी रांगेत तिसरी होती. शेजारची जागा एकाएकी रिकामी झालेली तिने पाहिली. तेव्हापासून ढोलक्या तीन थापा देत आणि चौथी मात्रा मोकळी सोडत. ती जिची होती, तिच्यासाठी.

याच तालावर एकदा डोंगराकडच्या ढोलक्या उठल्या आणि तिथले मालक चंबूगबाळे आवरून पळाले. धसका घेऊन दरबाराने हुकूम काढला: जी वाजेल, तिची चामडी सोलू. मग ताल उखळात शिरला, केरसुणीत शिरला, धुण्याच्या दगडावर बसला. कोणाकोणाला सोलणार?

पुढे काळ बदलला, असे तारवाले म्हणतात. त्यांना तो ताल आवडू लागला. आधी चोरून, मग मैफलीत, मग स्वतःच्या नावाने. आता तर वर्षातून एकदा थाप-दिन असतो. एरवी जिन्याखाली पडलेल्या म्हाताऱ्या दुमाईला त्या दिवशी धुऊनपुसून दरबारात बसवतात. यंदाही बसवले. अंगावर शाल गुंडाळली, वर नारळ ठेवला. वाजणार कशी, हा प्रश्न कोणालाच पडला नाही.

राजसारंगी कौतुकाने म्हणाली, "आजी, तुमच्या तालात एक मात्रा राहून गेली होती हो. आम्ही छानशी तान घालून भरून काढली!"

"राहून नाही गेली, बाई. ठेवलीय," दुमाई म्हणाली. "दरवर्षी सांगते."

"किती विनोदी आहेत आजी!" सतार म्हणाली. टाळ्या पडल्या.

दुमाईच्या अंगाचा तिळपापड झाला. कोणाकोणाला आणि किती वेळा समजावायचे? उखळ झिजले होते, केरसुणी गेली होती. आज साथीला बसवलेली, जिन्याखालची नवी डफलीसुद्धा हल्ली तान घालूनच ताल शिकत होती. दुमाई गेली की ती जागा कायमची बुजणार होती.

तारवाल्यांनी ताल धरला. तीन मात्रा, मग तान. तीन मात्रा, मग तान. दुमाईने सगळा जीव एकवटून अंग झटकले. नारळ घरंगळत राजसारंगीच्या पायाशी गेला, शाल गळून पडली. दचकून सगळे थांबले.

दुमाईने एक थाप दिली. दुसरी दिली. तिसरी दिली.

चौथीच्या जागी उघड्या खिडकीतून समुद्र ऐकू आला.

पुन्हा तीन थापा, पुन्हा समुद्र. चौथ्या मात्रेसाठी उचललेला हात डफलीने अलगद मागे घेतला.

"अरे, खिडकी लावा कोणीतरी," राजसारंगी म्हणाली, "मधे मधे आवाज येतोय."