धुतलेलं हार्वेस्टर

“पोरगी गुणी आहे हो, सर. पण आमटीत अजून गूळ घालते. माहेरची माती सुटायला किती दिवस लागतात?”

सासरे गोसावी सरांना विचारत होते. हार्वेस्टरच्या पलीकडे मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, हे त्यांना दिसलं नव्हतं. लग्नाला दोन महिने झालेत. कप न वाजवता उभं राहणं मला जमू लागलंय.

सर यंत्राकडे बघत होते.

गहू कापायचं ते जुनं हार्वेस्टर केनियाला निघालं होतं. माझ्या नवऱ्याचा, यशोधनचा, स्वतःच्या हिमतीवरचा पहिला सौदा. यंत्रात मातीचा कण, गवताची काडी, एखादा दाणा जरी सापडला तरी रोगकीड नसल्याचा सरकारी दाखला मिळत नाही, आणि दाखल्याशिवाय बोट नाही. तपासणी उद्या होती. सरांनी नोकरीभर असेच दाखले दिले होते. आता ते निवृत्त होते आणि यशोधन त्यांना गुरू मानायचा. पण ते ‘छान’ म्हणतील तोवरच मानेल, असं मला वाटायचं.

“आठवडाभर धुतलंय, सर,” यशोधन फडकं झटकत आला. “जोराच्या पाण्यानं, आतून-बाहेरून. यावर ताट मांडून जेवा!”

“आधी कोरडी हवा मारलीस?”

“हवेनं काय होतंय? पाण्यासारखं पाणी असताना...”

“हं.”

सरांनी चपला काढल्या. यंत्राच्या कडेला नीट जोडून ठेवल्या.

“चपला कशाला काढता, सर? फरशी ओली आहे.”

“शेतात चपला घालून जात नाही मी.”

यशोधन हसला. “शेत? अहो, हे लोखंड आहे.”

“पाना दे.”

धान्य वर नेणाऱ्या नळीचं तळाचं झाकण सरांनी उघडलं. बाजूला झाले.

यशोधन वाकला. सासरे वाकले. ट्रे सांभाळत मीही वाकले.

आत गहू उगवला होता.

बोटभर उंचीचे, पांढुरके कोंब. मुळं लोखंडाच्या सांध्यात घट्ट शिरलेली. एका बोल्टच्या रिकाम्या भोकातून उजेडाची बारीक रेघ येत होती, आणि सगळेच्या सगळे कोंब तिच्याकडे माना वळवून उभे होते...

सासऱ्यांनी नकळत टोपी काढली.

“पण मी... धुतलं होतं,” यशोधन पुटपुटला.

“धुतलंस कुठं? पाणी दिलंस.”

सरांनी पाना यशोधनच्या हातात परत दिला.

“उद्याची तपासणी, सर?”

“पुढं ढकल. सगळं खोल. आधी हवेनं दाणे उडव, मग पाणी, मग ऊन.”

“बोट चुकेल.”

“चुकू दे.”

यशोधननं एक कोंब ओढला. सहज निघाला नाही. दुसऱ्या ओढीला निघाला, तेव्हा त्यानं तो फेकला नाही. तळहातावर धरून बघत राहिला.

सासरे अजून वाकलेलेच होते. “आत मातीचा कण नाही. मग हे उगवलं तरी कशाच्या जोरावर?”

सर चपला घालत होते. “तुमच्या सुनेला विचारा. मघापासून उभी आहे ती इथं.”

सासरे वळले. माझ्याकडे, मग ट्रेकडे बघितलं. चहावर साय धरली होती.

...

“माती तर सुटलीच होती, बाबा,” मी म्हटलं. “दाणा सुटला नाही.”