पाटीवरची कोळीण

"लाज नाही वाटत? मला विषारी म्हणतोस?" करवंदीच्या जाळीतली कोळीण कॅमेऱ्यावर उखडली होती. कॅमेरे वाद घालायचे, त्या काळातली ही गोष्ट. त्याने काढलेला तिचा फोटो बागेच्या फाटकावर झळकत होता आणि खाली लिहिलं होतं, 'विषारी कोळी. दिसताच मारा.' सकाळपासून माळी खराटा घेऊन फिरत होता. तिच्या दोन बहिणी मेल्या होत्या, आणि तिची अंड्यांची पिशवी अजून पानाखाली लटकत होती.

"अगं बाई, मी दिसतं तेच दाखवतो," कॅमेरा म्हणाला. "ते पिवळे पट्टे, त्या लांब तंगड्या! बघताच घाम फुटेल असं ध्यान पाटीला हवं होतं."

"म्हणजे रूप बघून फाशी दिलीस! मेल्या, मी जन्मभर माश्या-डास खाल्ले. परवा बागेत माणसाला चावली ती दगडाखालची काळी कोळीण. तिचा फोटो का नाही काढलास?"

"ती एवढीशी. फोटोत तिची काय छाप पडणार? शिवाय तिच्याजवळ जायचं म्हणजे..." कॅमेरा चाचरला. मग उसना जोर आणून म्हणाला, "पाटी खरी आहे. तू विषारीच!"

तेवढ्यात माळी खराटा उगारून जाळीपाशी आला. कोळीण पिशवी पाठीशी घालून उभी राहिली आणि कॅमेऱ्याला असं काही बोलली, की माळ्याचा हात तिथेच थांबला: "त्या फोटोत माझ्या पायावरचा केस न् केस दिसतो; इतकं नाकाला नाक लावायला आलास, तेव्हाच तुला पक्कं ठाऊक होतं, की मी चावत नाही!"