एका चांदणीचा नावाडी

“पण भंतेजी, सुरुवातच चुकली तर पुढचं सगळं मातीमोल ना?”

रामटेके सरांनी तोच प्रश्न फिरवून फिरवून पुन्हा विचारला. समोर चटईवर भंते उपसेन बसले होते. म्हातारं माणूस, चिवराचा रंग उडालेला, गुडघे दुखरे, पण कान अजून तिखट.

“कशाची सुरुवात?” भंते म्हणाले.

सर ओशाळले. सांगायचं कसं? भंडाऱ्यात स्वतःचे क्लासेस, भिंतभर डॉक्टर-इंजिनिअर झालेल्या पोरांचे फोटो, रस्त्यानं निघाले की पालक वाकून नमस्कार करतात. असा माणूस वैनगंगेकाठच्या या लहानशा विहारात येऊन काय विचारतोय, तर…

“एक खेळ आहे, भंतेजी. मोबाइलवरचा. जपानी.”

“बरं.”

“म्हणजे खेळ कमी आणि गोष्ट जास्त. धुक्यात बुडालेला मुलूख आहे. एक मुलगी आपलं हरवलेलं गाव शोधत निघालीये. वाटेत राक्षस, बोलणारे कोल्हे, काय नि काय. आपण तिच्यासोबत जायचं. एकेक धडा वाचत.”

“मग जा ना जी. कोनं अडवलं?”

कुणीच अडवलं नव्हतं. तेच तर दुखणं होतं.

सरांची बायको विशाखा गेल्या वर्षी गेली. आज तिच्याच नावानं ते भोजनदान घेऊन आले होते. हा खेळ तिचा आणि लेकीचा, उत्पलाचा. आजारपणात दोघी खाटेवर डोक्याला डोकं लावून खेळायच्या. विशाखा संवाद मोठ्यानं वाचायची, राक्षसाचा घोगरा आवाज काढायची, मग खोकल्याची उबळ यायची आणि दोघी खिदळायच्या. सर दारातून बघायचे आणि म्हणायचे, “औषध घेतलं का?”

त्या गोष्टीत एक पूल येतो. मायलेकी त्या पुलापाशी पोचल्या, आणि विशाखा गेली. उत्पला तिथंच थांबली. तिनं तो पूल ओलांडलाच नाही.

मग एका दुपारी, पोळी वाढता वाढता ती बापाला म्हणाली, “बाबा, तुम्ही पुलापर्यंत या. माझ्या फोनवरून नाही, तुमचे तुम्ही चालत या. पुढचं आपण दोघं वाचू.”

आई गेल्यापासून पोरगी बापाशी एवढं लांबलचक पहिल्यांदाच बोलली होती. सरांना तिथल्या तिथे रडू आलं होतं, पण ते त्यांनी ताकाच्या घोटाबरोबर गिळून टाकलं.

आणि त्यानंतर हा शहाणा माणूस काय करत बसला? तयारी!

“पहिल्यांदा खेळ आपल्याला एक सोबती देतो,” सर आता भंतेंना समजावू लागले, आणि आवाज आपोआप फळ्यासमोरचा झाला. “घंटा वाजवायची की धुक्यातून कुणीतरी बाहेर येतं. कोण येईल ते नशीब. कुणाच्या कपाळावर एक चांदणी, कुणाच्या पाच. पाच चांदण्यांची एक तलवारवाली आहे. ती मिळाली की पुढचा रस्ता एकदम सोपा. नाही मिळाली, तर सगळं पुसायचं आणि पुन्हा घंटा. याला रीरोल म्हणतात. जाणकार लोक असंच करतात. मी व्हिडिओ बघितलेत.”

“मिळाली का मग ते तलवारवाली?”

“एकदा मिळाली होती.”

“वा! मग?”

“तिच्या जोडीला ढालवाला लागतो. पुढच्या घंटेला तो नाही निघाला… पुसलं.”

भंतेंनी मान डोलावली, एखादा रोगी दुखणं सांगतो तेव्हा डॉक्टर डोलावतात तशी.

“गोष्ट कुठवर आली?”

“गोष्ट अजून… म्हणजे सुरुवातीचं सगळं मी स्किप करतो. घंटा लवकर यावी म्हणून.”

“त्या पोरीचं नाव काय?”

“उत्पला.”

“तुमच्या पोरीचं नाही जी. ते गाव शोधून राहिली तिचं.”

सरांनी इतक्यांदा तो खेळ सुरू केला, आणि त्या मुलीचं नाव काही आठवेना. अरे देवा… तिला नाव तरी होतं का?

“उत्पला काय म्हणते?” भंतेंनी हळूच विचारलं.

“रोज विचारायची, बाबा, कुठवर आलात? मी म्हणायचो, थांब बेटा, सुरुवात पक्की होऊ दे. काल म्हणाली…” सरांनी दाराकडे बघितलं. “काल म्हणाली, राहू द्या बाबा. नाही आलात तरी चालेल.”

दाराबाहेर पिंपळाखाली पायरीवर उत्पला पाठमोरी बसली होती. फोन मांडीवर उताणा पडलेला. ती नुसती समोरच्या शेताकडे बघत होती.

“माझ्या हातून निसटून चालली ती, भंतेजी. म्हणून म्हणतो, आता चूक परवडायची नाही. आता सुरुवात अशी हवी की…”

“डबा काढा,” भंते म्हणाले. “भूक लागून राहिली.”

सर गडबडीनं उठले. भिक्षूंचं जेवण सूर्य डोक्यावर येण्याआधी व्हावं लागतं, बारानंतर नुसतं पाणी, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून त्यांनी भराभर डब्याचे पुडे सोडवले. भात, वरण, पाटवडीचा रस्सा, पोळ्या, आणि विशाखाच्या आवडीची तांदळाची खीर.

भंतेंनी पात्र दोन्ही हातांत धरून पुढे केलं. सरांनी आधी भात वाढला, त्यावर वरण घातलं.

भंतेंनी पात्रात डोकावून पाहिलं.

“हे नाही,” ते म्हणाले, आणि सगळं डब्यात परत ओतलं. “पुन्हा.”

सर चपापले. आपलंच काही चुकलं असेल. त्यांनी पोळी ठेवली, पाटवडी घातली, रस्सा सांडू नये म्हणून बोटं भाजून घेतली.

“छान आहे… पण याच्याहून छान निघेल.” पुन्हा ओतलं. “पुन्हा.”

“भंतेजी, गोड आधी देऊ का?”

“पहा.”

खीर वाढली. भंतेंनी वास घेतला. चेहऱ्यावर असं काही हसू आलं की सरांना वाटलं, सुटलो एकदाचा! तेवढ्यात भंते म्हणाले, “याच्याबरोबर भात पाहिजे होता,” आणि खीरही गेली परत डब्यात.

आता सरांना घाम फुटला. डब्यात खिरीत वरण, वरणात पाटवडी असा काला झालेला. भंते रागावलेत म्हणावं तर डोळ्यांत राग नाही. चेष्टा करताहेत म्हणावं तर या वयाला ही कसली चेष्टा? आणि घड्याळाचे दोन्ही काटे एकमेकांना भिडायला आलेले.

“भंतेजी, घ्या हो आता. वेळ टळून जाईल.”

“हो ना जी. पण पक्कं झालं पाहिजे. पुन्हा.”

“पण तुम्ही उपाशी राहाल!”

भंते पात्र पुढे करून तसेच बसले. शांत. हनुवटीवर पांढरे खुंट, गालाची हाडं वर आलेली. सरांनी काल्यातूनच घाईघाईत चार घास वाढले.

भंतेंनी पात्राकडे पाहिलं… सरांकडे पाहिलं…

घड्याळात बाराचे टोले पडले.

भंतेंनी ते चार घास अलगद डब्यात परत घातले, पात्र पाण्यानं विसळलं, फडक्यानं पुसलं आणि बाजूला ठेवलं.

सर खाली बसले. विशाखाच्या नावानं आणलेलं अन्न होतं. पहाटे उठून स्वतः रांधलं होतं, खीर तर लागू नये म्हणून ढवळत उभे राहिले होते. आणि भंते उद्या सकाळपर्यंत उपाशी.

“हे काय केलं तुम्ही, भंतेजी…” चष्मा काढून सरांनी डोळे पुसले, तरी ते थांबेनात. वर्षभराचं सगळंच बाहेर पडलं बिचाऱ्याचं.

भंतेंनी त्यांना रडू दिलं. मग पाठीवर हात ठेवला.

“मी सकाळी पेज प्यालो आहे. मरत नाही. ते पोर मात्र केव्हाची बसली आहे. सकाळपासून काही खाल्लं का तिनं?”

नव्हतं खाल्लं. भंतेंचं झाल्याशिवाय घरच्यांनी जेवायचं नाही, ही रीत. उत्पला ती पाळून मुकाट्यानं बाहेर बसून होती, आणि बाप आत सुरुवात पक्की करत होता.

“उत्पला,” सरांनी हाक मारली. “ये गं. जेवून घे.”

ती आत आली. भंतेंना वंदन केलं, बापाच्या लाल डोळ्यांकडे बघितलं. डब्यात डोकावली मात्र.

“अगंबाई, हे काय केलंत बाबा? खिरीत पाटवडी?”

“झालं खरं तसं.”

तिनं एक घास घेतला. भुवया वर गेल्या. दुसरा घेतला.

“कसं लागतं?”

“विचित्र लागतंय… पण लागतंय.” आणि ती मुकाट्यानं खात राहिली. सरही तिच्या शेजारी बसून त्याच पुड्यात जेवू लागले. बापलेक एका ताटात जेवल्याला किती काळ झाला होता कुणास ठाऊक.

हात धुऊन झाल्यावर सरांनी खिशातून फोन काढला. उत्पलानं मान वळवली. तिला वाटलं, झालं, आता पुन्हा पुसापुशी.

खेळ उघडला. धुकं आलं. मुलीचा आवाज आला, आणि सरांचा अंगठा सवयीनं स्किपकडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला.

“हिचं नाव काय गं?”

“कोहारू,” उत्पला म्हणाली. जरा थांबून म्हणाली, “तुम्हाला एवढंही माहीत नाही?”

“नाही. सांगितलंस ते बरं केलंस.”

सगळं वाचून झालं, मग घंटा आली. सरांनी ती वाजवली. धुक्यातून एक वाकलेला म्हातारा बाहेर आला. हातात वल्हं, होडीला भोक, आणि कपाळावर एकच एक चांदणी, तीही मिणमिणती.

उत्पला फस्सकन हसली. “हा? बाबा, हा काहीच कामाचा नाही! लढाई सुरू झाली की हा झोपतो!”

लेक हसली होती. सर तिच्याकडे बघतच राहिले.

मग तिचं हसू हळूहळू मावळलं. बापाचा अंगठा कुठे जातो तिकडे तिनं डोळे लावले. पुसायचं बटण कोपऱ्यातच होतं.

सरांनी फोन मांडीवर नीट टेकवला, चष्मा लावला.

“झोपेना का,” ते म्हणाले. “आपण जागे आहोत.”

आणि ते वाचू लागले. पडद्यावर इंग्रजी होतं. भंते ऐकताहेत म्हणून ते एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. अडखळत. नावाड्याचा आवाज काढायला गेले तो क्लासमधल्या शिपायासारखा निघाला, उत्पलानं पुन्हा तोंडावर हात धरला. भंते भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते.

नावाडी कोहारूला म्हणाला, होडी गळकी आहे, मला वाटा माहीत नाहीत, पोहताही येत नाही. तरी बसतेस का?

कोहारू बसली.

सर थबकले. पुढच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी लेकीकडे पाहिलं. विचारावं की नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर अगदी स्पष्ट दिसत होतं.

“उत्पला… हा म्हातारा शेवटपर्यंत राहतो का गं तिच्यासोबत?”

उत्पलाचे डोळे भरून आले. तिनं काहीतरी सांगायला ओठ उघडले.

भंतेंनी डोळे न उघडताच हात वर केला.

“सांगू नको, बेटा… तुझे बाबा येऊन राहिले.”