रानघेवड्याचं स्थळ

एकदा काय झालं, एका खोऱ्यातला घेवडाच आजारी पडला. हसता काय रे? घेवडा आजारी म्हणजे अख्खं राज्य आजारी! तिथं सकाळी घेवड्याची आमटी, रात्री घेवड्याची उसळ. राजासुद्धा तेच खायचा. पांढरा, टपोरा, लोण्यासारखा मऊ शिजणारा घेवडा होता तो, बरं का.

मग तिथं आली एक तांबेरीण. लुगडं लाल, केस लाल, दातसुद्धा लाल. बांधावर उभी राहायची आणि पदर झटकायची. पदरातून तांबडी भुकटी उडायची. ती पानांवर बसली की पानं गंजल्यासारखी व्हायची, वाळायची, शेंगा पोचट राहायच्या. मग तांबेरीण खदाखदा हसत पुढच्या शेतात.

राजानं डोक्याला हात लावला. म्हणाला, "कोठीतलं बियाणं संपलं की गाड्या जुंपा. हे खोरं सोडून जायचं."

सगुणाराणीला हे काही पटेना. तिची लेक इथंच जन्मली, इथल्याच नदीत पोहायला शिकली. हे सगळं सोडून जायचं कुठं? ती म्हणाली, "मी नाही जायची. मी घेवडा बरा करीन आणि इथंच राहीन." राणी एकदा म्हणाली की म्हणाली!

तिच्या माहेरी, डोंगरात, रानघेवडा वाढायचा. काळा, बारका, दिवसभर चुलीवर ठेवला तरी कडकच. पण तांबेरीण त्याच्या वाटेला जायची नाही. पान चावलं की तिचं तोंड भाजायचं. राणीनं ठरवलं, आपल्या पांढऱ्या घेवड्याच्या वेलीला, म्हणजे पांढरीला, हेच स्थळ बघायचं. पोरं आईसारखी टपोरी होतील आणि बापासारखी दणकट.

मग तिनं माहेरून रानघेवडा आणला आणि दोन्ही वेल शेजारी शेजारी लावले. काही उपयोग नाही. पांढरीला आपले पांढरीसारखेच दाणे.

तेवढ्यात एक काळाकुट्ट भुंगा आला. म्हणाला, "राणीबाई, स्थळं जुळवायचं काम माझंच. पण घेवड्याचं फूल भारी लाजरं हो. कळी उघडायच्या आत घरच्या घरी लग्न उरकतं. मी पोचतो तोवर पंगत उठलेली असते."

"असं होय! मग आपण मुहूर्तच आधीचा धरू."

मग राणीनं बाभळीचा काटा घेतला. मिटलेली पांढरी कळी अलगद उघडली. आतली पिवळी पूड सांडायच्या आधीच काढून टाकली आणि रानघेवड्याची पूड आत लावली. देठाला हळदीचा दोरा बांधला. भुंग्यानं मंगलाष्टकं म्हटली, गूंऽऽ गूंऽऽ. म्हणा बरं तुम्ही. अरे हळू, आजोबा उठतील!

त्या कळीची शेंग झाली. राणीनं तिचे दाणे पेरले. सगळी रोपं हिरवीगार, एकावरही तांबडा ठिपका नाही. पण दाणे निघाले काळपट, बारके, टणक. राणीच्या सासूबाई एक दाणा चावून बघायला गेल्या आणि दाढ धरून बसल्या. म्हणाल्या, "सूनबाई, सगळी बापावर गेली गं!" लोक हसले. राणी म्हणाली, "हसा. नातवंडं अजून बघायचीत."

मग तिनं तेच दाणे पुन्हा पेरले. आता आली नातवंडं! कुणी काळं, कुणी ठिपक्यांचं, कुणी पांढरं पण तांबेरिणीच्या भुकटीनं गंजलेलं, कुणी धडधाकट पण दगडासारखं. नुसता गोंधळ! राणी एकेका झाडापाशी बसली. आणि एका कोपऱ्यात, अगंबाई! एकच झाड. पानं तुकतुकीत, शेंगा घोसानं लटकलेल्या, दाणे पांढरे आणि टपोरे. राणीला रडूच फुटलं. आनंदाचं बरं का.

पण गंमत पुढंच आहे. त्या राज्यात रीत होती. सुगीतल्या सगळ्यात उत्तम शेंगा देवीच्या हंड्यात शिजवायच्या, प्रसाद म्हणून खायच्या. उरेल ते बियाण्याला. सासूबाईंनी हंडा चढवला, जाळ केला आणि हात पुढं केला. "दे ते दाणे."

कोठी रिकामी झाली होती. बाहेर बैल गाड्यांना जुंपले होते. राणीच्या ओंजळीत तेवढेच दाणे.

"नाही देणार, आत्याबाई."

सगळे हंड्याभोवती गोळा झाले. राजासुद्धा.

"देवीला उपाशी ठेवतेस?" सासूबाई कडाडल्या.

"आजवर उत्तम ते हंड्यात गेलं आणि रोडकं ते मातीत. मग तांबेरीण माजणार नाही तर काय? आत्याबाई, देवी आई आहे ना आपली? तुम्ही कधी लेकरांच्या तोंडचा घास काढून जेवलात?"

सासूबाईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी स्वतः पाणी ओतून जाळ विझवला आणि लेकाला म्हणाल्या, "बैल सोड रे. एक पेरणी होऊ दे अजून."

मग ते दाणे मातीत गेले. वेल वाढले, फुलले. आणि आली तांबेरीण! पदर झटकला, फटाक्! एखाददुसरं झाड गंजलं, ते राणीनं लगेच उपटून जाळलं. बाकीचं शेत हिरवंच. तांबेरीण चिडली. एकदा झटकला, दोनदा झटकला, तिसऱ्यांदा झटकला, पदर पार फाटला. मग रागारागानं तिनं एक पान चावलं. "आई गंऽ, भाजलं, भाजलं!" करत जी पळाली ती डोंगरापलीकडं. पुन्हा काही आली नाही.

शेंगा तर इतक्या लागल्या की वेल वाकले. घरोघरी ओंजळ ओंजळ बियाणं गेलं. पुढच्या सुगीला सगळ्या खोऱ्यात आमटीचा वास सुटला. सासूबाईंनी पहिली वाटी राणीच्या हातात दिली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जेव, बाळा. आता आपल्याला कुठं जायचं नाही."

राणी जेवली, राजा जेवला, सगळं खोरं पोट भरून जेवलं आणि आपापल्या घरात गाढ झोपलं. भुंगासुद्धा झोपला. मग तुम्ही कशाला टकाटका बघताय? मिटा डोळे.